आठ वर्षांचा मुलगा रात्री गादी ओली करतो, धाकटीची शाळेत चड्डी ओली होते: काय बघायचं आणि काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. मोठा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, आठवड्यातून पाच रात्री गादी ओली, आणि जन्मापासून सलग महिनाभरही कधी कोरडा राहिलेला नाही. धाकटी साडेपाच वर्षांची, ती रात्री कोरडी असते पण जूनमध्ये शाळा बदलल्यापासून दुपारी घरी येते तेव्हा चड्डी ओली. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा द्या. मिस्टर म्हणतात आळस आहे, दोन ठेवून दिल्या की उठेल. शेजारच्या काकू म्हणाल्या तुम्ही नोकरी करता ना, म्हणून पोरांच्या मनावर परिणाम झालाय. आणि डिसेंबरात मुलाची दोन दिवसांची सहल आहे, पाठवायचं की नाही.

मी २४ वर्षं लहान मुलांची डॉक्टर आहे, आधी मोठ्या सरकारी हॉस्पिटलात होते आणि आता तालुक्याच्या गावी, आणि हा प्रश्न माझ्या ओपीडीत आठवड्याला दोन-तीनदा तरी येतो, तोही नेहमी सगळ्यात शेवटी, सर्दी-खोकला दाखवून झाला की दाराशी उभं राहून हळू आवाजात, "आणि मॅडम एक विचारायचं होतं…"

तर पहिली गोष्ट. तुमच्या दोन्ही मुलांना दोन वेगळे त्रास आहेत. ओलं होणं सारखं दिसतं म्हणून आपण एकाच पोत्यात भरतो, पण रात्रीचं आणि दिवसाचं गणित वेगळं असतं, आणि गंमत म्हणजे तुम्हाला मुलाची जास्त काळजी वाटतेय पण मी आधी मुलीकडे बघेन. ते पुढे सांगते.

मुलाचं आधी घेऊ. पाच वर्षांच्या आतल्या मुलाने रात्री गादी ओली केली तर आम्ही त्याला आजार म्हणतच नाही. पाचव्या वर्षी शंभरातली १५ ते २० मुलं रात्री ओली असतात, सातव्या वर्षी साधारण १०, दहाव्या वर्षी ५ च्या आसपास, आणि मोठेपणीही शंभरात एखादा राहतोच. म्हणजे दुसरीच्या ४० मुलांच्या वर्गात तीन-चार जणांच्या घरी सकाळी चादर धुतली जाते आणि त्या प्रत्येकाला वाटत असतं की अख्ख्या जगात असा मी एकटाच. मुलग्यांमध्ये हे मुलींच्या जवळपास दुप्पट. दरवर्षी यातली साधारण १५ टक्के मुलं काहीही न करता आपोआप बरी होतात, म्हणून "मोठा झाला की जाईल" हे म्हणणं अगदीच चूक नाही, पण जो रोज किंवा जवळपास रोज ओला होतो त्याचं आपोआप जायची शक्यता कमी असते, त्यामुळे आठ वर्षं आणि आठवड्याला पाच रात्री म्हटल्यावर मी थांबा म्हणणार नाही.

आता हे होतं कसं. तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि ती भरली की वाजणारा तो अलार्म आहे ना, गाणं म्हणणारा, तसं समजा. गादी ओली होण्यामागे तीन गोष्टी असतात. एक, रात्री टाकीत पाणी जास्त पडतंय. दोन, टाकी लहान आहे किंवा अर्धी भरली तरी उसळते. आणि तीन, अलार्म वाजतोय पण घरात कुणाला ऐकू येत नाही. पहिल्या दोनपैकी एक आणि सोबत तिसरं असेल तर गादी ओली. नुसती टाकी भरली तर मूल उठून बाथरूमला जाईल, एवढंच होईल.

पहिल्याबद्दल: आपल्या मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं, ते किडनीला सांगतं की पाणी जपून सोड. बहुतेकांमध्ये ते रात्री वाढतं म्हणून आपण सात-आठ तास न उठता झोपू शकतो. १९८० च्या दशकात डेन्मार्कमध्ये आरहूसच्या डॉक्टरांनी दाखवलं की गादी ओली करणाऱ्या बऱ्याच मुलांमध्ये हे रात्रीचं वाढणं होतच नाही, म्हणजे किडनी रात्रीही दिवसासारखीच लघवी बनवत राहते. ही मुलं झोपल्यावर दोन तासांत भरपूर भिजवतात, चादर, गादी, खालची सतरंजी, सगळं.

दुसरं म्हणजे लघवीची पिशवी. हिचा साधा हिशोब आहे, मुलाच्या वयात १ मिळवा आणि ३० ने गुणा, तेवढे मिली त्यात मावायला पाहिजेत. तुमच्या मुलाचं आठ अधिक एक नऊ, गुणिले ३०, म्हणजे २७०. आता हे घरी मोजता येतं आणि माझ्या मते कुठल्याही टेस्टपेक्षा हे जास्त उपयोगी आहे. गेल्या वर्षी एक आई-बाप असेच आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते, त्यांना मी सांगितलं की शनिवार-रविवार एक जुना मापाचा मग बाथरूममध्ये ठेवा, पोराला प्रत्येक वेळी त्यातच शू करायला लावा आणि वेळ आणि आकडा कॅलेंडरच्या मागे लिहा. सोमवारी कागद आला. ७० मिली, ९०, ६०, १२०, ८०. दिवसातून अकरा वेळा. एकदाही १२० च्या वर नाही. त्या पोराला आधी कुणीतरी दोन वर्षं टॉनिकं दिली होती. कागद बघितल्यावर वेगळं काही शोधायची गरजच राहिली नाही, पिशवी दिवसासुद्धा अर्ध्यावरच उसळत होती, मग रात्रीचं काय घेऊन बसलात. (हा मग नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका एवढं सांगते, कारण एकीने नेला होता.)

रात्रीची लघवीसुद्धा मोजता येते. डायपर लावून झोपवा, सकाळी किचनच्या वजनकाट्यावर ओला डायपर ठेवा, कोऱ्या डायपरचं वजन वजा करा, जेवढे ग्रॅम तेवढे मिली समजा, आणि त्यात सकाळची पहिली शू मिळवा. तुमच्या मुलाचं हे सगळं मिळून ३५० च्या वर जात असेल तर रात्री लघवी जास्त बनतेय. २०० च्या आत असूनही ओला होत असेल तर पिशवीचा प्रश्न. एका रात्रीवर ठरवू नका, पाच-सात रात्री करा, आणि मुलाला आधी सांगून करा, "तुला बाळ समजतोय म्हणून नाही, मोजायचंय म्हणून."

तिसरं, जागं न होणं. सगळ्या आया एकच सांगतात, "मॅडम याच्या कानाशी ताशा वाजवला तरी उठणार नाही." आणि ते खरं असतं. कॅनडात एक प्रयोग झाला होता, झोपलेल्या मुलग्यांच्या कानात हेडफोनमधून आवाज सोडायचा आणि वाढवत वाढवत १२० डेसिबलपर्यंत न्यायचा, म्हणजे ताशाच्या वरताण. ज्यांना हा त्रास नव्हता ती मुलं साधारण ४० टक्के वेळा जागी झाली, गादी ओली करणारी फक्त ९ टक्के वेळा. आता हे मिस्टरांना वाचून दाखवा. आळस कसला, तिथे घरी कुणी नाहीच तर दार कोण उघडणार? झोपलेल्या माणसाला शिक्षा करता येत नाही, फार तर सकाळी उठल्यावर करता येते, आणि तोवर त्याला आठवतही नसतं की झालं कधी.

आता अनुवंशिकता. याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात आणि सगळ्यात जास्त खोटंही याच बाबतीत बोलतात. जुना पण अजूनही सगळे डॉक्टर वापरतात तो आकडा असा: आई-बापांपैकी कुणालाच लहानपणी त्रास नसेल तर मुलाला असण्याची शक्यता साधारण १५ टक्के, एकाला असेल तर ४४, दोघांना असेल तर ७७ टक्के. १९९५ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी काही कुटुंबांमध्ये याचा धागा १३ नंबरच्या क्रोमोसोमपर्यंत नेला, मग इतर कुटुंबांमध्ये १२ आणि २२ नंबरही निघाले, आणि २०२१ मध्ये तिथेच हजारो मुलांचा डीएनए तपासून ६ आणि १३ या क्रोमोसोमवर जागा सापडल्या. म्हणजे एकच असा "गादी ओली करणारा जीन" नाहीये, बरेच छोटे छोटे मिळून हे होतं, कुणाकडे हार्मोनचा भाग येतो, कुणाकडे पिशवीचा, कुणाकडे झोपेचा. त्यामुळे जीनची टेस्ट वगैरे करायच्या फंदात पडू नका, तिचा उपचाराला काहीच उपयोग नाही. उपयोग आहे तो घरात विचारण्याचा.

पण विचारलं की उत्तर काय येतं माहितीये? "नाही हो, आमच्याकडे कुणालाच नव्हतं." मी हे विचारताना आता नवरा, बायको, सासू तिघांचे चेहरे बघते. एकदा असंच झालं, वडील माझ्यासमोर पोराला बोलत होते, "एवढा घोडा झालाय, लाज नाही वाटत," मी विचारलं घरात कुणाला होतं का, ते पटकन नाही म्हणाले, आणि त्यांची आई, म्हणजे मुलाची आजी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत खिडकीबाहेर बघायला लागली. मी काही बोलले नाही. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "मॅडम मला पण होतं. सातवीपर्यंत. मिसेसला माहीत नाही." मी लिहिलं, मिसेसला सांगा नका सांगू तुमची मर्जी, पण मुलाला सांगा. पुढच्या व्हिजिटला पोरगा स्वतः खुर्चीवर पुढे सरकून मला सांगत होता की पप्पांचं सातवीत थांबलं होतं, माझं पाचवीत थांबणार आहे. औषध अजून सुरूसुद्धा केलं नव्हतं. तर तुमच्या घरातही सासूबाईंना एकटीला गाठून विचारा, मिस्टरांसमोर नको, आणि दीर, नणंद, तुमचे मामा-मावश्या सगळे मोजा.

मग मनाचं काय? शेजारच्या काकूंना सांगा की ज्याची गादी पहिल्यापासूनच ओली होतेय, मध्ये कधी सहा महिने सलग कोरडा राहिलेलाच नाही, त्याच्यात मन हे बहुतेक वेळा कारण नसतं, परिणाम असतो. तुमच्या नोकरीचा इथे काही संबंध नाही. मूल रोज ओलं उठतंय, रोज बोलणी खातंय, मामाच्या गावी जायला नको म्हणतंय कारण तिथे सगळ्या भावंडांच्या गाद्या एका ओळीत असतात, लग्नघरी आईच्या कुशीतच झोपायचं म्हणतंय आणि लोक हसतायत, मग ते चिडचिडं होणार, गप्प होणार, आणि आपण म्हणणार बघा, मानसिक आहे. उलटं वाचतोय आपण. मारलं, लाज काढली, ओली चादर गॅलरीत मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी वाळत घातली तर त्रास कमी होत नाही, लांबतो. चटका दिलेलं मूल मी पाहिलंय, मांडीवर डाग, घरचे म्हणे भीतीने थांबेल. थांबलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र खरी की ज्या मुलांना एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, त्यांच्यात रात्रीचं आणि दिवसाचं दोन्ही ओलं होणं जास्त दिसतं आणि उपचारालाही वेळ लागतो. तसं वाटत असेल तर तेही दाखवून घ्या.

आणि जे मूल सहा महिने किंवा जास्त कोरडं होतं आणि मग परत सुरू झालं, ते वेगळं प्रकरण. तिथे मी मनाचं नक्की विचारते: घरी नवीन बाळ आलंय का, आजोबा गेले का, आई-बाबांची भांडणं, शाळा बदलली, होस्टेलला टाकलं, कुणी त्रास देतंय का, आणि कुणी नको तिथे हात लावतंय का हेसुद्धा, हे विचारायला अवघड वाटतं पण विचारावंच लागतं. पण मनाचं विचारायच्या आधी मी ग्लुकोमीटर काढते. एक सहा वर्षांची मुलगी आणली होती, मावशीचं बाळ घरी राहायला आल्यापासून हिने परत गादी ओली करायला सुरुवात केली, सगळे म्हणाले मत्सर. आई जाता जाता म्हणाली, बाथरूममध्ये हिने शू केली की मुंग्या येतात मॅडम, फिनेल टाकून टाकून कंटाळले. शुगर बघितली तर मशीनवर आकडाच येईना, नुसतं "हाय", म्हणजे मोजता न येण्याइतकी जास्त. त्याच दिवशी ॲडमिट, टाइप १ डायबेटिस. म्हणून सांगते, अचानक सुरू झालं असेल, मूल रात्री उठून पाणी पितंय, वजन उतरतंय, तर दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी शुगर करा.

आता शारीरिक कारणांमधलं ते एक जे सगळ्यात जास्त वेळा सुटतं. शी. हो, शी. "पोट साफ होतं का?" विचारलं की सगळे म्हणतात रोज होतं. पण रोज होणं म्हणजे साफ होणं नाही. मोठं आतडं आणि लघवीची पिशवी एकाच खोलीत राहणारे भाडेकरू आहेत, आतड्यात कडक शी साठून ते फुगलं की पिशवीला जागा उरत नाही, वर तिला सारखं ढोसलं जातं म्हणून ती अर्ध्यावर उसळते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवामधून एक अभ्यास आला होता, जुनी बद्धकोष्ठता असलेली दोनशेच्या वर मुलं, ज्यांचं पोट नीट झालं त्यांच्यात दिवसाचं ओलं होणं ८९ टक्के जणांचं थांबलं आणि रात्रीचं ६३ टक्के जणांचं. लघवीचं एकही औषध न देता! त्यामुळे बघा, शी खड्यासारखी होते का, एवढी मोठी होते का की फ्लश अडतो, चड्डीला डाग लागतात का, संडासात अर्धा तास बसतो का. असेल तर आधी ते. दूध-बिस्किट, मैद्याचं बेकरीचं सगळं कमी, भाकरी, पालेभाजी, फळ, पाणी, आणि डॉक्टरांकडून शी मऊ करायचं औषध, आणि ते आठवडाभर नाही, दोन-तीन महिने. इथे लोक चार दिवसांत बंद करतात आणि मग म्हणतात गुण नाही आला.

दुसरं सुटणारं म्हणजे नाक. तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो, तर टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेत का बघून घ्या. काही मुलांचं त्यांचा उपचार झाल्यावर गादी ओली होणं थांबतं, सगळ्यांचं नाही. जंतांचं औषधही देऊन टाका एकदा, विशेषतः खालच्या बाजूला रात्री खाज येत असेल तर.

आता धाकटी. मी आधी तिच्याकडे बघेन म्हणाले कारण दिवसा ओलं होणं हे नुसतं झोपेवर ढकलता येत नाही, तिथे पिशवी, शी, इन्फेक्शन किंवा सवय यातलं काहीतरी असतंच, आणि मुलींमध्ये ते जास्त दिसतं. तुम्ही लिहिलंय शाळा बदलल्यापासून. मी पैजेवर सांगते, आज दुपारी तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली बघा. जशी भरून दिली तशीच परत येते का? नव्या शाळेतल्या मुलींच्या बाथरूमला कडी आहे का, पाणी आहे का, वास येतो का, बाई मध्ये सोडतात का की "आत्ताच तर मधली सुट्टी झाली" म्हणतात, हे एकदा स्वतः जाऊन बघा. मुली फार हुशार असतात, जायचंच नाही म्हणून प्यायचंच नाही असं ठरवतात. सकाळी सातला घरी शू केलेली, मग थेट दीडला. सहा-साडेसहा तास! लघवी दाट होते, जळजळते, इन्फेक्शन होतं, पिशवी चिडते, आणि रिक्षातून उतरून घराच्या दारात चप्पल काढता काढता सुटतं.

घरी खेळताना तिच्याकडे लक्ष ठेवा. एकदम खेळ थांबवून पाय एकमेकांत पिळते का, किंवा एका टाचेवर बसते, अशी उकिडवी बसून टाच खाली दाबून धरते, डोळे कुठेतरी शून्यात, अर्धा मिनिट, आणि मग उठून परत पळते. आपल्याला वाटतं बुटाचा बंद बांधतेय. ती शू दाबतेय. या टाचेवर बसण्याला आमच्या पुस्तकात स्वतंत्र नाव आहे एवढं ते नेहमीचं आहे. अशा मुलीला "शू लागली का?" विचारू नका, ती नाहीच म्हणणार, सरळ घड्याळ लावा, दर दोन-अडीच तासांनी जायचंच, लागली असो वा नसो. टीचरला एक चिठ्ठी द्या, गरज पडली तर डॉक्टरांची, मी तर छापूनच ठेवल्यात.

काही मुलींचं अजून एक साधं कारण असतं. वेस्टर्न कमोडवर पाय लटकत, मांड्या जवळ घेऊन, चड्डी गुडघ्यापर्यंतच खाली करून बसतात, मग थोडी शू योनीमार्गात जाऊन साठते आणि उठून चालायला लागल्यावर पाच-दहा मिनिटांत चड्डीत उतरते. आई म्हणते आत्ता तर जाऊन आली! याला औषध नाही, पायाखाली पाट किंवा स्टूल, चड्डी पूर्ण काढून, मांड्या फाकवून, जरा पुढे वाकून निवांत बसायचं. आपल्या देशी संडासात हे आपोआप होतं. हसताना सगळीच शू सुटते असाही एक प्रकार असतो मुलींमध्ये, तो वेगळा, तसं असेल तर डॉक्टरांना तेवढं आवर्जून सांगा.

तिची लघवीची साधी तपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्या, कल्चरसकट (लघवीत जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट). आणि पुढचं काहीही दिसलं, दोघांपैकी कुणातही, तर घरगुती प्रयोग न करता दाखवा: लघवी करताना दुखणं किंवा ताप, मुलाची धार बारीक किंवा जोर लावून होणारी, मुलगी नीट शू करूनही दिवसभर थेंब थेंब गळत राहते, एक तासही कोरडी नाही (इथे कधी कधी किडनीची नळी जन्मतःच भलत्या जागी उघडलेली असते, सोनोग्राफी लागते), पाठीच्या खालच्या टोकाला केसांचा पुंजका, खळगा किंवा चरबीची गाठ, चालण्यात फरक, शीसुद्धा नकळत होणं. मी प्रत्येक मुलाची चड्डी खाली करून पाठ बघते, अर्धं मिनिट लागतं. तुमच्या डॉक्टरांनी नसेल बघितली तर आठवण करून द्या. यातलं काहीच नसेल तर नुसत्या रात्रीच्या त्रासासाठी सोनोग्राफी, एमआरआय वगैरेची रांग लावायची गरज नसते, लघवीची तपासणी बास होते.

परत मुलाकडे. त्याला पाणी बंद करू नका. सगळे संध्याकाळी सहानंतर पाणी तोडतात आणि पोर दिवसभर शाळेत काही पीत नाही, मग घरी येऊन तहानलेलं असतं ते रात्रीच ढोसतं. उलटं करा, दिवसाच्या पाण्यातलं साधारण ४० टक्के दुपारी बारापर्यंत, ४० टक्के बारा ते पाच आणि पाचनंतर उरलेलं २० टक्के. रात्रीचा चहा, कोल्ड्रिंक बंद. झोपताना शू, आणि गोष्ट वगैरे सांगून झाली की दिवा घालवताना परत एकदा. रात्री बाराला झोपेतच उचलून न्यायचं? न्या, गादी वाचते, पण त्याने सवय लागते अशा भ्रमात राहू नका, त्याला सकाळी आठवतही नाही. सासूबाईंचा सब्जा हवा तर चालू द्या, त्याने गादीचं होईल असं मी सांगणार नाही. थंडीत वाढतं हे खरं, घाम कमी म्हणून लघवी जास्त.

हे सगळं चार-सहा आठवडे करून, शी नीट करून, तरी ओलं राहिलं तर दोन रस्ते. एक अलार्म, चड्डीला सेन्सर लावायचा, पहिला थेंब पडला की वाजतो. ही कल्पना जुनी आहे, १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या डॉक्टरने वॉर्डात मूल ओलं झालं की नर्सला कळावं म्हणून असं यंत्र केलं आणि लक्षात आलं की मुलंच कोरडी व्हायला लागली. साधारण तीनात दोन मुलांना गुण येतो आणि बंद केल्यावरही बऱ्याच जणांचा टिकतो. पण दोन-तीन महिने लागतात, आणि पहिले दोन-तीन आठवडे अलार्मने सगळं घर उठतं, फक्त मूल उठत नाही, तेव्हा तुम्ही उठून त्याला उभं करून, पूर्ण जागं करून बाथरूमला न्यायचं. सलग १४ रात्री कोरड्या होईपर्यंत. एका खोलीत सहा जण झोपतात तिथे मी अलार्म देत नाही, दुसऱ्या आठवड्यात तो माळ्यावर जातो. तुमच्या घरात मिस्टर आळीपाळीने उठायला तयार असतील तरच घ्या.

दुसरा, डेस्मोप्रेसिनची गोळी, त्याच व्हॅसोप्रेसिनची नक्कल. रात्री लघवी जास्त बनणाऱ्या मुलांना लगेच फरक दाखवते, म्हणून आधी तो डायपर मोजायला सांगितला. पण गोळी बंद केली की बऱ्याच जणांचं परत येतं. आणि एक नियम दगडावरची रेघ: गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी, दूध काही नाही, फार तर घोटभर. नाहीतर शरीरात पाणी साठून रक्तातलं सोडियम उतरतं आणि आकडी (फिट) येऊ शकते. याच भीतीने २००७ मध्ये अमेरिकेत नाकातला स्प्रे या त्रासासाठी वापरायचं बंद केलं. उलटी, जुलाब, ताप असेल त्या रात्री गोळी नाही. इमिप्रामिन नावाची जुनी स्वस्त गोळी अजून काही ठिकाणी पहिल्या दिवसापासून देतात, ती मला आवडत नाही, डोस जास्त झाला तर हृदयाला जिवावर बेतते आणि घरात लहान भावंड असतं ते गोळ्या खातं. तुमच्या घरी साडेपाच वर्षांची आहे.

सहलीला पाठवा. अजून वेळ आहे. आधी मोजमाप आणि पोटाचं बघा, मग नोव्हेंबरात डॉक्टरांना दाखवून डेस्मोप्रेसिन घरीच दहा-बारा दिवस देऊन बघा, कोणत्या डोसला कोरडा राहतो ते कळेल, सहलीच्याच रात्री पहिल्यांदा देऊ नका. सरांपैकी एकाला, फक्त एकालाच, सांगून ठेवा, गोळी त्यांच्याकडे द्या आणि पाण्याचा नियम चिठ्ठीवर लिहून द्या, कारण रात्री शेकोटीभोवती सरबत वाटतात तेव्हा तो नाही म्हणणार नाही. स्लीपिंग बॅगच्या आत घडी घालून एक काळी ट्रॅक पँट, एक कोरडी चड्डी आणि एक झिपची पिशवी ठेवा आणि कुठे ठेवलीय ते त्याला अंधारात हाताने चाचपून दाखवा, घरी, दिवा घालवून, दोनदा.